लोखंडाचे क्षरण व रासायनिक समतोल
रामटेक परिसरातील नायकुंड (ता. पारशिवनी, जि. नागपूर) येथील १९७८–८० च्या उत्खननात महापाषाणयुगीन लोहभट्टी (इ. स. पू. सु. ७००) व लोखंडी वस्तू मिळाल्या. गाडलेले लोखंड बाहेर काढल्यावरही गंजत राहते. मार्सेल पूर्बे या बेल्जियन रसायनशास्त्रज्ञांनी १९४५ मध्ये डेल्फ्ट येथे सादर केलेल्या प्रबंधात विद्युत् वर्चस व पीएच मूल्य यांच्या आकृत्यांद्वारे समतोल स्थिती मांडल्या. त्यांवरून क्षरणाची शक्यता कळते, वेग कळत नाही. पुढील संगणकीय प्रतिकृतींत विसरण व विद्युत् रासायनिक विक्रिया यांचे वेग घेतले गेले. फेरस आयनाचे जलीय विच्छेदन मात्र अतिशीघ्र असल्याने ते प्रत्येक क्षणी समतोलात मानतात. हा समतोल वगळल्यास गंजाखालील विवरांतील आम्लता गणनात येत नाही. क्लोराइडामुळे ती टिकते. म्हणून जतन करताना क्लोराइड काढून वस्तू कोरडी ठेवतात.