शिपायांची सुजलेली पावले आणि एक्स-रे

प्रशियाच्या सैन्यातील शल्यवैद्य ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्ये एका चमत्कारिक दुखण्याची नोंद केली. मैलोनमैल कूच करणाऱ्या शिपायांची पावले वरून सुजत, पाय टेकताच कळ येई. पण पडल्याची किंवा मार लागल्याची खूण कुठेच नसे. कंडरांच्या आवरणाला सूज येत असावी, असे त्यांना वाटले. कातडीआडचे हाड पाहण्याचा मार्गच तेव्हा नव्हता.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्त्सबुर्ग येथे राँटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि दोनच वर्षांत, १८९७ मध्ये, श्टेखोव या लष्करी वैद्याने अशा पावलांचे एक्स-रे काढले. बोटांमागची लांब हाडे, म्हणजे मेटाटार्सल, चक्क मोडलेली होती. या दुखण्याला पुढे ‘मार्च फ्रॅक्चर’ हे नाव रूढ झाले. एका घावाने नव्हे, तर हजारो पावलांच्या ताणाने हाडाला बारीक चिरा जातात. त्या भरून येण्याआधीच पुढचा ताण पडतो. बहुधा दुसरे किंवा तिसरे मेटाटार्सल मोडते. दुसऱ्याचे बूड शेजारच्या हाडांत घट्ट अडकलेले असल्याने त्याला हलायला जागा मिळत नाही.

तरीही एक्स-रे सुरुवातीला अनेकदा फसवतो. दुखणे ताजे असताना फिल्म बऱ्याचदा निर्दोष दिसते. दोन-तीन आठवड्यांनी हाडाभोवती नव्या हाडाचा पांढुरका गोळा धरतो, तेव्हा निदान पक्के होते. हा गोळा हाडाच्या ट्यूमरसारखा दिसू शकतो, म्हणून रुग्णाच्या चालण्या-धावण्याची चौकशी फार मोलाची ठरते. असे ताणाचे फ्रॅक्चर टाचेच्या हाडात झाले, तर काळ्या फटीऐवजी पांढरा पट्टा उमटतो.

सुरुवातीच्या एक्स-रेची ही उणीव १९७० च्या दशकात बोन स्कॅनने बरीच भरून काढली. टेक्नेशियम-९९एम जोडलेले फॉस्फेट शिरेतून दिले की, जिथे नवे हाड घडते आहे तिथे ते जमा होते आणि गॅमा कॅमेऱ्यात तो भाग ठळक दिसतो. मात्र संसर्ग किंवा संधिवातही तसाच उजळतो. एमआरआयने हा घोळ पुष्कळ कमी केला: किरणोत्साराविना अस्थिमज्जेतली सूज आणि चिरेची रेघ दोन्ही दिसतात. घोट्यापुढच्या नॅव्हिक्युलर हाडातली चीर किती खोल आहे, हे ठरवायला सीटी स्कॅन अधिक उपयोगी पडतो.

पहिली तपासणी म्हणून आजही साधा एक्स-रेच काढतात. तो निर्दोष आला, तरी संशय असल्यास पायाला विश्रांती देऊन एमआरआय करतात, किंवा दोन-तीन आठवड्यांनी एक्स-रे पुन्हा काढतात.