दक्षिण आशियाचे अण्वस्त्रमुक्त क्षेत्र : चतुःसीमेवर अडलेला एक ठराव

९ डिसेंबर १९७४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एक मोठी विलक्षण गोष्ट केली. ३२६५ या एकाच क्रमांकाखाली तिने दोन ठराव संमत केले, 'अ' आणि 'ब'. 'अ' भारताचा होता, 'ब' पाकिस्तानचा. दक्षिण आशियात अण्वस्त्रमुक्त क्षेत्र स्थापन करण्याच्या कल्पनेला 'ब' ठराव तत्त्वतः मान्यता देत होता आणि त्यासाठी या भागातील राष्ट्रांनी विचारविनिमय सुरू करावा, असे सुचवीत होता. असे क्षेत्र कोठे व कसे असावे याचा पुढाकार त्या त्या भागातील राष्ट्रांकडूनच, परिस्थितीची वैशिष्ट्ये ध्यानात घेऊन, आला पाहिजे, असे 'अ' ठरावाचे म्हणणे होते. वाचताना दोन्ही सारखेच भासतात. प्रत्यक्षात एकाने दुसऱ्याची वाट अडवली होती.

त्या वेळी आपले परराष्ट्रमंत्री होते यशवंतराव चव्हाण. १० ऑक्टोबरला, म्हणजे मतदानाच्या अवघे दोन महिने आधी, त्यांनी ते खाते हाती घेतले होते. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री म्हणून आणि १९६२ च्या संकटात दिल्लीला गेलेले संरक्षणमंत्री म्हणून आपण सीमाभागातील मराठी माणसे त्यांना ओळखतो. त्यांच्या परराष्ट्र खात्याच्या कारकिर्दीविषयी मात्र आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. या प्रश्नाच्या संदर्भात एक योगायोग लक्षणीय आहे. १६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने पहिला अणुस्फोट केला, तेव्हा संरक्षणमंत्री चव्हाणच होते. दहा वर्षांनंतर पाकिस्तानच्या ठरावाला भारताने जो मुख्य आक्षेप घेतला, त्याच्या मुळाशी तोच स्फोट होता.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १८ मे १९७४ ला पोखरणला भारताने जमिनीखाली अणुस्फोट केला आणि तो शांततामय असल्याचे जाहीर केले. पाकिस्तानचे पंतप्रधान झुल्फिकार अली भुट्टो यांनी त्यानंतर काही महिन्यांतच अण्वस्त्रमुक्त क्षेत्राचा विषय आमसभेपुढे नेला. जगाच्या दृष्टीने ही मागणी साधी व सात्त्विक होती. परंतु याच भुट्टोंनी जानेवारी १९७२ मध्ये मुलतान येथे आपल्या शास्त्रज्ञांना बोलावून अणुबाँबच्या कामाला हात घालण्यास सांगितले होते, हे पुढे उघड झाले. म्हणजे पोखरणच्या आधी दोन वर्षे. तेव्हा प्रस्तावामागे निव्वळ शांततेची आस होती, असे मानण्याचे कारण नाही. मागणीचा हेतू शुद्ध नसला तरी ती मागणी चुकीची ठरत नाही, हेही तितकेच खरे. भारतानेही हेतूवर बोट ठेवण्यापेक्षा क्षेत्राच्या व्याख्येवरच भर दिला.

महसूल खात्यात नोकरी केलेल्या माणसाला हा वाद चटकन कळतो. जमिनीच्या कोणत्याही दस्तात चतुःसीमा लिहावी लागते : पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. मोजणीचा अर्ज आला की लगतच्या कब्जेदारांना नोटिसा जातात. एका खातेदाराने आपल्या सोयीने हद्द दाखवायची आणि उत्तरेकडच्या बड्या शेजाऱ्याचे नावच नकाशात धरायचे नाही, अशी मोजणी तालुका कचेरीत टिकत नाही. भारताचे म्हणणे नेमके हेच होते. दक्षिण आशिया हा आशिया-प्रशांत प्रदेशाचा केवळ एक तुकडा. त्याच्या माथ्यावर अण्वस्त्रधारी चीन, पायथ्याशी हिंदी महासागरात दिएगो गार्सियासारखे परकीय तळ. एवढ्याच तुकड्याभोवती कुंपण घातले तर अण्वस्त्रांचा धोका कुंपणाबाहेर तसाच राहतो. शिवाय शेजाऱ्यांशी आधी सल्लामसलत न करता विषय थेट न्यूयॉर्कला नेणे, हीही भारताला खटकलेली बाब होती.

संयुक्त राष्ट्रांपुढे घरचा प्रश्न नेला जाण्याची ही अढी आपल्या भागाला नवी नाही. ऑगस्ट १९४८ मध्ये निजाम सरकारने भारताविरुद्ध सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये ती चर्चेस आली आणि दुसऱ्याच दिवशी हैदराबादने शस्त्रे खाली ठेवली. निजामाने नंतर तक्रार मागे घेतली, तरी 'हैदराबाद प्रश्न' परिषदेच्या यादीवर कित्येक वर्षे पडून होता. बिदर-गुलबर्ग्याच्या जुन्या घरांतून ते दिवस पाहिलेली माणसे आता विरळ झाली आहेत. काश्मीर आणि हैदराबाद या दोन अनुभवांनंतर अशा व्यासपीठावर शेजाऱ्याने ठराव आणला की दिल्ली सावध होई, यात नवल नव्हते.

अण्वस्त्रमुक्त क्षेत्र ही कल्पना मुळातच अव्यवहार्य आहे, असे मात्र कोणी समजू नये. मेक्सिकोचे मुत्सद्दी अल्फोन्सो गार्सिया रोब्लेस यांच्या परिश्रमातून १४ फेब्रुवारी १९६७ रोजी लॅटिन अमेरिकेचा त्लातेलोल्को करार झाला. त्या कार्याबद्दल १९८२ चे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना अल्वा मिर्दाल यांच्यासमवेत मिळाले. या कराराची सर्वांत बोधप्रद गोष्ट अर्जेंटिना आणि ब्राझील यांची आहे. दोघे प्रतिस्पर्धी, दोघांचेही अणुकार्यक्रम संशयास्पद. सह्या झाल्या तरी सत्तावीस वर्षे करार त्यांना पूर्णपणे लागू होऊ शकला नाही. दोघांनी आधी आपापसात विश्वास निर्माण केला, १९९१ मध्ये एकमेकांच्या अणुकेंद्रांच्या तपासणीसाठी संयुक्त संस्था उभारली आणि मगच १९९४ मध्ये ते करारात पूर्णतः आले. त्यांच्या उशाशी तिसरा अण्वस्त्रधारी शेजारी नव्हता, हा फरक आहेच. पुढे दक्षिण प्रशांतासाठी रारोटोंगा (१९८५), आग्नेय आशियासाठी बँकॉक (१९९५), आफ्रिकेसाठी पेलिंदाबा (१९९६) आणि मध्य आशियासाठी सेमिपलातिन्स्क (२००६) असे करार झाले. दक्षिण आशियाचा रकाना कोराच राहिला.

पाकिस्तानने आपला ठराव नव्वदच्या दशकापर्यंत वारंवार आणला आणि तो दर वेळी मोठ्या बहुमताने संमत झाला. विरोधी मतांत भारताच्या बाजूला भूतान दिसतो. बाकीच्या अनेक शेजाऱ्यांची मते तिकडे गेली. मला वाटते, भारताच्या मुत्सद्देगिरीतील उणीव येथे आहे. तर्क आपला बिनतोड होता, पण लहान शेजाऱ्यांना तो पटवण्याची तसदी आपण पुरेशी घेतली नाही, आणि 'शांततामय स्फोट' हा शब्दप्रयोग त्यांना कधी पटला नाही. ९ जून १९८८ रोजी राजीव गांधींनी आमसभेपुढे २०१० पर्यंत साऱ्या जगातून अण्वस्त्रे हटवण्याचा कृती आराखडा ठेवला, तो व्यापक होता. परंतु काठमांडू किंवा ढाक्याला हवे होते ते जवळचे, आजचे आश्वासन. जून १९९१ मध्ये नवाझ शरीफ यांनी अमेरिका, सोव्हिएत संघ, चीन, भारत व पाकिस्तान अशा पाच राष्ट्रांची परिषद सुचवली, तिलाही भारताने नकार दिला. या वेळी चीन चतुःसीमेत होता, म्हणून या नकाराचे समर्थन मला जरा जड जाते.

मे १९९८ मध्ये ११ व १३ तारखेला भारताने, २८ व ३० तारखेला पाकिस्तानने चाचण्या केल्या आणि अण्वस्त्रमुक्त दक्षिण आशियाचा विषय त्या धुरळ्यात बुडाला.

अणूचा हा विषय आपल्या उंबरठ्यापासून फार दूरही नाही. पूर्वीच्या गुलबर्गा आणि आताच्या यादगीर जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातील गोगी येथे भीमा खोऱ्याच्या खडकांत युरेनियम सापडले, आणि खाणीच्या शक्यतेने तेथील शेतकरी आपल्या पाण्याच्या चिंतेत पडले. करारांची भाषा पॅरिस-न्यूयॉर्कची असली तरी कच्चा माल कोणाच्या तरी शेताखालीच असतो.

इतक्या वर्षांच्या खटाटोपातून दोन्ही देशांच्या पदरात एक छोटा करार मात्र पडला. ३१ डिसेंबर १९८८ रोजी इस्लामाबादला ठरले की, एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. २७ जानेवारी १९९१ ला तो अमलात आला. त्यानुसार दरवर्षी १ जानेवारीला दिल्ली व इस्लामाबाद येथे एकाच वेळी अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांच्या हाती दिल्या जातात. पहिली देवाणघेवाण १९९२ ची. त्यानंतर कारगिल झाले, संसदेवर हल्ला झाला, मुंबई झाली, पुलवामा झाले. तरी १ जानेवारी २०२५ ला चौतिसाव्या वेळी त्या याद्या पोहोचल्या होत्या.