साठीच्या आतला स्मृतिभ्रंश

"तरुण वयात अल्झायमर होतो का हो?" या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं: होतो. डिमेन्शियाच्या दर १०० रुग्णांमागे ९ जणांपर्यंत तो वयाच्या ६५ च्या आत सुरू झालेला असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. विशी-तिशीत फारच विरळा, पन्नाशीकडे थोडा जास्त. तरी आपल्याला ते पटत नाही. 'साठी बुद्धी नाठी' ऐकत आपण वाढलो, आणि साठी यायचीय म्हणजे बुद्धी शाबूत, असा तिचा उलटा अर्थही काढून बसलो.

एका तरुणाच्या बुद्धीवरून केवढा वाद पेटतो, ते या कोल्हापूरनं पाहिलंय. १८८२ साली चौथे शिवाजी महाराज १९ वर्षांचे होते. सरकार म्हणे, त्यांना वेड लागलंय. लोक म्हणत, छळ चाललाय. कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर आरोप छापले म्हणून टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून आले. महाराजांना नगरच्या किल्ल्यात ठेवलं. तिथेच २५ डिसेंबर १८८३ रोजी गोऱ्या पहारेकऱ्याशी झटापट झाली आणि ते गेले. वय २०. त्यांना डिमेन्शिया होता असं मी मुळीच म्हणत नाही. जुन्या कागदांवरून निदान करणं हा इतिहासवाल्यांचा धंदा नव्हे. पण 'वेड' या एका शब्दात तेव्हा काय काय कोंबलं जायचं, ते बघा. आजार, धसका, छळ, राजकारण, सगळं एकत्र!

हे पदर वेगळे करायची खटपट त्याच काळात युरोपात चालली होती. १८९० च्या दशकात एमिल क्रेपेलिन या जर्मन डॉक्टरांनी तरुणांमधल्या एका मनोविकाराला 'डिमेन्शिया प्रेकॉक्स' म्हटलं, म्हणजे अकाली बुद्धिनाश. आज आपण त्याला स्किझोफ्रेनिया म्हणतो, आणि तो डिमेन्शिया नव्हे.

मग आल्या ऑगस्ट डेटर. नोव्हेंबर १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या इस्पितळात दाखल झाल्या तेव्हा ५१ वर्षांच्या होत्या. नवऱ्यावर नाही नाही ते संशय, घरकामात गोंधळ, वस्तू लपवणं. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी नाव विचारलं, म्हणाल्या, ऑगस्ट. आडनाव? ऑगस्ट. नवऱ्याचं नाव? तेही ऑगस्टच असावं. ताटात फ्लॉवर आणि डुकराचं मांस, आणि काय खाताय विचारलं तर म्हणे पालक. १९०६ साली त्या वारल्या. त्यांचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहून अल्झायमर यांनी त्याच नोव्हेंबरात ट्यूबिंगनला व्याख्यान दिलं. श्रोत्यांतून एकही प्रश्न आला नाही. (आमच्यासारख्या वक्त्यांना तेवढाच धीर!) १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी या आजाराला अल्झायमर यांचं नाव दिलं.

गंमत इथे आहे. पुढची सुमारे ६५ वर्षं 'अल्झायमर' म्हणजे म्हातारपणाआधी होणारा आजार, अशीच व्याख्या होती. ऐंशीच्या आजोबांना तेच झालं तर तो 'म्हातारचळ', निराळा. १९७६ साली रॉबर्ट कॅट्झमन या अमेरिकन डॉक्टरांनी ठासून मांडलं की दोन्ही आजार एकच. ते बरोबरच होतं. त्यातून संशोधनाला बळ मिळालं. पण म्हाताऱ्यांची संख्या एवढी मोठी की पन्नाशीचे रुग्ण त्या गर्दीत दिसेनासे झाले. ज्यांच्यावरून नाव पडलं तेच अपवाद ठरले!

याची किंमत घरं मोजतात. हॉलिवूडची रीटा हेवर्थ पन्नाशीतच संवाद विसरू लागली. लोक म्हणाले, दारू. अल्झायमर असल्याचं जगाला कळलं १९८१ मध्ये. आपल्याकडे काय वेगळं होतं? कर्त्या माणसाचा हिशेब चुकायला लागला, स्वभाव पालटला, की टेन्शन, व्यसन, नाहीतर 'बाहेरचं'. घराचे हप्ते चालू, मुलं कॉलेजात, आणि दोन-तीन वर्षं अशीच जातात. शिवाय सुरुवात विसरण्यापासूनच होते असं नाही. काहींचं आधी वागणं बिघडतं, काहींना शब्द सापडत नाहीत.

म्हणून चाळिशी-पन्नाशीत असं काही दिसलं तर मेंदूच्या डॉक्टरांकडे जा. ते बी-१२ आणि थायरॉइड तपासतात, कारण त्यांच्या कमतरतेनंही माणूस असाच विसराळू होतो. आपल्याकडे बी-१२ कमी असणारे, विशेषतः शाकाहारी, पुष्कळ सापडतात. वेळेत सापडलं तर ते औषधानं भरून निघतं.