वेठीची वाट

पेरू देशातील कुस्को नगराकडून माचू पिक्चूकडे जाणारी आगगाडी उरुबांबा नदीच्या काठाकाठाने धावते. या लोहमार्गाच्या ८२व्या किलोमीटरपाशी प्रवासी उतरतात. नदीवर एक झुलता पूल आहे, आणि पुलाच्या अलीकडे चौकी. चौकीत प्रवाशांची पारपत्रे तपासली जातात. त्याच ठिकाणी एक वजनकाटाही आहे. हमालांनी पाठीवर घेतलेले तंबू, भांडी, शिधा, गॅसच्या टाक्या यांचे ओझे एकामागून एक या काट्यावर चढते, आणि ते ठराविक मर्यादेच्या आत असल्याचे पाहूनच हमालाला पूल ओलांडू दिला जातो. प्रवाशांच्या गर्दीत या काट्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नसावे. मला मात्र इंका लोकांच्या त्या जगप्रसिद्ध वाटेचा इतिहास सांगायचा तर आरंभ या काट्यापासूनच करावा असे वाटते.

वाट सुमारे ४३ किलोमीटरांची आणि चार दिवसांची. परवाना असलेल्या वाटाड्याशिवाय तेथे पाऊल टाकता येत नाही. दिवसाला ५०० माणसांनाच सोडतात, आणि या ५०० मध्ये वाटाडे, आचारी व हमाल हेही धरलेले असतात. म्हणजे प्रत्यक्ष प्रवासी जेमतेम २०० आणि त्यांच्यासाठी राबणारे ३००! फेब्रुवारी महिन्यात पावसामुळे व डागडुजीसाठी वाट बंद असते. पहिला दिवस सौम्य असतो. नदीकाठी पाताय्यक्ता या जुन्या वस्तीचे अर्धवर्तुळाकार मळे वरून दिसतात आणि संध्याकाळच्या सुमारास वाय्याबांबा हे खेडे लागते. दुसऱ्या दिवशी मात्र छाती फुटेल असा चढ. समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२०० मीटर उंचीची ती खिंड. तिचे क्वेचुआ भाषेतील नाव वार्मिवान्युस्का, म्हणजे ‘मेलेली बाई’. दुरून पाहिल्यास डोंगरकडा उताण्या पडलेल्या स्त्रीसारखा दिसतो म्हणून हे नाव पडले. आपल्या कळसूबाईच्या अडीचपटींहून अधिक अशी ही उंची. येथे हवा विरळ, प्रत्येक पावलाला धाप लागते. आणि पायाखाली काय, तर घडीव दगडांच्या पायऱ्या! एकेक दगड कोणीतरी उचलून आणलेला, बसवलेला.

कोणी आणला हा दगड?

इंकांचे राज्य मोठे झाले ते पंधराव्या शतकात, पाचाकुती या राजाच्या काळापासून. पुढच्या शंभर वर्षांच्या आत ते आजच्या कोलंबियाच्या दक्षिण सीमेपासून चिलीच्या मध्यापर्यंत पसरले. या राज्याला लोखंड ठाऊक नव्हते. चाकाची गाडी नव्हती, घोडा नव्हता, बैल नव्हता. लामा हे जनावर होते, पण ते पंचवीस-तीस किलोंच्या वर ओझे घेत नाही आणि माणसाला पाठीवर बसू देत नाही. असे असूनही त्यांनी रस्त्यांचे असे जाळे विणले की, त्याची लांबी ३०,००० किलोमीटरांच्या घरात मोजली जाते. २०१४ साली युनेस्कोने या महामार्गाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. सहा देशांतून तो जातो. ठरावीक अंतरावर मुक्कामाची ठाणी, धान्याची कोठारे, आणि निरोप घेऊन पळणाऱ्या जासूदांच्या चौक्या असत. जासूद थकण्यापूर्वीच पुढचा तयार. निरोप तोंडी, नाहीतर गाठी मारलेल्या दोऱ्यांच्या जुडग्यात. या जुडग्याला ते किपू म्हणत. लेखणीचे काम गाठीवर भागवणारे हे लोक हिशेबात मात्र कोणाला हार जाणारे नव्हते.

हे सारे ज्या व्यवस्थेवर उभे होते तिला ‘मिता’ असे नाव होते. मराठीत तिला जवळचा शब्द वेठ. प्रत्येक कुटुंबाने कर म्हणून पैसा द्यायचा नाही, कारण पैसाच नव्हता. वर्षातील काही काळ अंगमेहनत द्यायची. पाळीपाळीने पुरुष जात, रस्ता बांधत, पूल विणत, सैन्यात लढत आणि परत येत. त्या काळात त्यांच्या पोटाची सोय राज्याच्या कोठारातून होई व मक्याची चिचा दारू त्यांना पाजली जाई. आपल्या पेशव्यांच्या वा इंग्रजांच्या अमलातील वेठीपेक्षा हा प्रकार काहीसा माणुसकीचा, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु इंकांचे राज्य म्हणजे रामराज्य होते असे समजण्याचे कारण नाही. जिंकलेल्या जमातींची गावेच्या गावे उचलून शेकडो कोस दूर वसवली जात. मोठ्या प्रसंगी लहान मुले पर्वतशिखरांवर बळी दिली जात. त्यांची गोठलेली शरीरे आपल्या काळात सापडली आहेत. स्पॅनिश तलवार येण्यापूर्वी अँडीज पर्वतात नंदनवन होते अशी भाबडी कथा काही लेखक रंगवतात, ती मला पटत नाही.

तरीही पुढे जे घडले त्यातील आपल्या लोकांचा वाटा झाकून ठेवता येत नाही.

१६ नोव्हेंबर १५३२ रोजी काहामार्का गावाच्या चौकात फ्रान्सिस्को पिझारो १६८ माणसांनिशी दबा धरून बसला होता. राजा आताहुआल्पा हजारो निःशस्त्र अनुयायांसह पालखीतून आला. त्याच्या सामोरा गेला तो सैनिक नव्हे, धर्मगुरू होता : डॉमिनिकन संघाचा फ्रे विसेंते दे व्हाल्व्हेर्दे. त्याच्या एका हातात क्रूस, दुसऱ्या हातात प्रार्थनेचे पुस्तक. दुभाष्याच्या तोंडून त्याने ख्रिस्ती श्रद्धा व स्पेनच्या राजाचे स्वामित्व ही दोन्ही एका दमात सांगितली. राजाने पुस्तक हाती घेतले, उलटेसुलटे पाहिले आणि जमिनीवर टाकले. त्याच्या उभ्या आयुष्यात त्याने पुस्तक पाहिले नव्हते. लगेच तोफा उडाल्या. संध्याकाळपर्यंत हजारो माणसे मरून पडली होती. राजाने सुटकेसाठी एक खोलीभर सोने व त्याच्या दुप्पट चांदी दिली. तरी १५३३ च्या जुलैमध्ये त्याला ठार केले गेले. जिवंत जाळू नये म्हणून अखेरच्या घटकेला त्याने स्नानसंस्कार स्वीकारला, आणि मग त्याचा गळा आवळण्यात आला. तीस वर्षे स्नानसंस्काराचे पाणी लहानग्यांच्या कपाळावर ओतणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाक्य लिहिताना हात थबकल्यावाचून राहत नाही.

कुस्को पडले. सूर्यदेवतेच्या कोरिकांचा मंदिराच्या भिंतींवर सांतो डॉमिंगोचे चर्च उठले. १६५० व १९५० या दोन्ही वर्षांच्या भूकंपांत त्या चर्चची मोठी पडझड झाली. खालच्या इंका भिंती, चुन्याचा कणही न वापरता रचलेल्या, जागच्या हलल्या नाहीत. राजवंशातील मांको याने १५३६ साली उठाव केला, कुस्कोला वेढा दिला, आणि तो फसल्यावर विल्काबांबाच्या रानात आपले छोटे राज्य थाटले. ते छत्तीस वर्षे टिकले. १५७२ साली व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने सैन्य पाठवून अखेरचा इंका तुपाक आमारू यास पकडून आणले व सप्टेंबर महिन्यात कुस्कोच्या चौकात त्याचा शिरच्छेद करविला. त्या दिवशी धर्मगुरूंनी काय केले हे मात्र काहामार्काच्या कथेइतके सांगितले जात नाही. अनेक संघांचे वरिष्ठ तोलेदोकडे दयेची याचना घेऊन गेले. पोपायानचे बिशप आगुस्तीन दे ला कोरुन्या यांनी तर गुडघे टेकून या तरुणाच्या जिवाची भीक मागितली. व्हाइसरॉय हलला नाही.

याच तोलेदोने जुन्या मितेला नवे दात बसवले. पोटोसी येथील चांदीच्या डोंगरात राबण्यासाठी सोळा प्रांतांतून दरवर्षी १३,००० हून अधिक पुरुष पाठवावेत असा हुकूम झाला. प्रत्येक सात प्रौढ पुरुषांमागे एक, असा त्याचा ठोकताळा. शेकडो किलोमीटर चालत ही माणसे सहकुटुंब निघत, त्यांच्याच पूर्वजांनी बांधलेल्या रस्त्यांवरून. अनेक जण परतत नसत. शब्द तोच, मिता. पूर्वी मितेवर गेलेल्याला राज्याच्या कोठाराचा आधार होता. आता कोठारे रिकामी पडली होती आणि मजुरी पोटाला पुरत नव्हती.

१५७९ हे वर्ष आपण मराठी ख्रिस्ती जन एका कारणासाठी स्मरतो : त्या वर्षी फादर थॉमस स्टीफन्स गोव्यास उतरले. त्याच वर्षी तुरिबियो दे मोग्रोव्हेहो यांची लिमाच्या आर्चबिशपपदी नेमणूक झाली. १५८१ साली ते पेरूत पोचले, क्वेचुआ भाषा शिकले आणि उरलेले आयुष्य त्यांनी मुख्यतः पायी किंवा खेचरावरून आपला अफाट धर्मप्रांत हिंडण्यात घालवले. लिमाच्या संत रोझला दृढीकरण संस्कार १५९७ साली त्यांच्याच हातून मिळाला. अशाच एका भेटीच्या प्रवासात, सान्या गावी, १६०६ च्या पवित्र गुरुवारी ते प्रभूघरी गेले. त्यांनी भरवलेल्या लिमाच्या तिसऱ्या धर्मपरिषदेने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे स्पॅनिश, क्वेचुआ व आयमारा अशा तीन भाषांतील धर्मशिक्षणाचे पुस्तक १५८४ साली लिमात छापवले. दक्षिण अमेरिकेत छापलेले ते पहिले पुस्तक होय. दुसरी गोष्ट अधिक अवघड होती. इंडियन लोकांच्या श्रमावर धर्मगुरूंनी व्यापार-उदीम करू नये, केल्यास धर्मबहिष्कार, असा दंडक तिने घातला. याविरुद्ध तक्रारी घेऊन कोण धावले? धर्मगुरूच! प्रकरण माद्रिद व रोमपर्यंत गेले, आणि परिषदेची बाजू मांडण्यास येशूसंघाचे होसे दे आकोस्ता यांना रोमला जावे लागले.

रोमने परिषदेचे ठराव मान्य केले. पण खेड्यापाड्यांत काय चालले होते ते वामान पोमा या इंडियन ख्रिस्ती माणसाने लिहून ठेवले आहे. सुमारे १६१५ च्या सुमारास पूर्ण झालेले त्याचे पत्र जवळजवळ १,२०० पानांचे असून त्यात स्वतः काढलेली ३९८ चित्रे आहेत. इंडियनांना लाथा मारणारे अधिकारी त्यात आहेत, त्यांच्याकडून फुकट विणकाम व ओझी वाहून घेणारे पाद्रीही आहेत. आणि ज्यांना तो भले म्हणतो असेही काही पाद्री आहेत. पत्र लिहिले होते स्पेनचा राजा तिसरा फिलिप याला. वाचकहो, पुढच्याच वर्षी, १६१६ साली, रायतूर येथे फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण छापले गेले. त्या वेळी पोर्तुगालचा मुकुटही याच फिलिपच्या डोक्यावर होता. म्हणजे वसई, चौल, साष्टी आणि गोवा यांचा राजा तोच, जो वामान पोमाचा. मराठी भाषेची स्तुती गाणारे ते ओवीबद्ध काव्य आणि अँडीजमधील ही चित्रमय फिर्याद एकाच सत्तेच्या दोन टोकांना, एका वर्षाच्या अंतराने पुरी झाली. ती फिर्याद १९०८ साली कोपनहेगनच्या राजग्रंथालयात सापडली.

वाटेकडे परत वळू. तिसऱ्या दिवशी सायाकमार्काचे कड्यावर चढलेले अवशेष लागतात. नंतर ढगांच्या वरचे गाव असा ज्याच्या नावाचा अर्थ, ते फुयुपातामार्का. तेथून दगडी पायऱ्या हजारोंनी खाली उतरत विन्याय वायनाच्या मळ्यांपर्यंत जातात. चौथ्या दिवशी पहाटेच्या अंधारात निघून सूर्यद्वारापाशी पोचले की, खाली २,४३० मीटर उंचीवर माचू पिक्चू दिसते. पाचाकुतीच्या काळातील ही राजवसाहत. हाडांच्या किरणोत्सर्गी कालमापनावरून २०२१ साली निघालेला निष्कर्ष असा की, साधारण १४२० ते १५३० या काळात तेथे वस्ती होती. सोन्याच्या शोधात निघालेला स्पॅनिश हात येथवर पोचला नाही, म्हणून तेथे एकाही भिंतीवर चर्च उभे राहिले नाही.

२४ जुलै १९११ रोजी अमेरिकन प्राध्यापक हायरम बिंगहॅम येथे आले, आणि जगाने म्हटले, शोध लागला. वस्तुतः त्यांना वाट दाखवली मेल्चोर आर्तेआगा या शेतकऱ्याने, एक सोल मजुरी घेऊन. वर दोन-तीन शेतकरी कुटुंबे इंकांच्याच मळ्यांत पिके काढत होती. त्यांच्यातील एका लहान मुलाने पाहुण्यांना अवशेषांतून फिरवले. भिंतीवर कोळशाने लिहिलेले एक नाव बिंगहॅमना दिसले : आगुस्तीन लिसारागा, १९०२. उत्खननातील वस्तू येल विद्यापीठात गेल्या व शंभर वर्षांनंतर, २०११ पासून पुढे, पेरूला परत मिळाल्या.

आता पुन्हा त्या काट्याकडे. विसाव्या शतकाच्या अखेरीस ही वाट जगभरातील प्रवाशांनी फुलली, तेव्हा आसपासच्या खेड्यांतील क्वेचुआ शेतकरी हमाल झाले. किती ओझे घ्यावे याला बंधन नव्हते. ज्याच्या पाठीवर जितके मावेल तितके, आणि मजुरी देणाऱ्याच्या मर्जीवर. २००१ च्या डिसेंबरमध्ये पेरूच्या संसदेने हमालांसाठी कायदा केला. ओझ्याची मर्यादा २० किलो ठरली, किमान रोजमजुरी, जेवण, निवारा व विमा हे हक्क ठरले. कायदा सर्वत्र पाळला जातो असे नाही, आणि हमालांच्या संघटनांना त्यासाठी वारंवार आवाज उठवावा लागला आहे. परंतु पाचशे वर्षांत या डोंगरात वाहणाऱ्याचे ओझे तोलून पाहण्याची तसदी राज्याने घेतली, हे मला लहान वाटत नाही. अलीकडे स्त्रियाही हमाली करू लागल्या आहेत.

चौथ्या दिवशीची पहाट प्रवाशांची असते. हमाल मात्र त्यांच्याबरोबर सूर्यद्वाराकडे निघत नाहीत. प्रवासी चौकीच्या दारात रांग लावून उभे राहतात, तोवर त्यांनी तंबू उतरवून, भांडी बांधून, पाठीवर घेतलेले असते, आणि नदीकाठी लवकर सुटणारी आगगाडी गाठण्यासाठी दुसऱ्या पायवाटेने ते धावत खाली उतरत असतात.