फारकतीसाठी धर्म सोडणाऱ्या स्त्रिया

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबातल्या काही मुसलमान स्त्रियांनी नकोशा नवऱ्यापासून सुटण्यासाठी धर्मच सोडला. धर्मांतरानं निकाह आपोआप मोडतो, असं हनफी पंथाचं शास्त्र सांगे आणि ब्रिटिश न्यायालयंही ते मानत. कवी इक्बाल यांनीही १९३० साली छापलेल्या आपल्या व्याख्यानांत या प्रकाराची दखल घेतली.

दुसरी वाट जवळपास नव्हतीच. नवरा तोंडी तलाक देऊ शके. बायकोला मेहर परत करून ‘खुला’ मागता येई, पण त्यालाही नवऱ्याचा होकार लागे. तो परागंदा झाला, तर हाल आणखी वाईट. त्याच्या वयाची माणसं मरेपर्यंत, काही हनफी मतांनुसार तो नव्वदीचा होईपर्यंत, तिनं थांबायचं. तोवर दुसरा निकाह नाही.

ही कोंडी फोडायला पुढे आले देवबंदी परंपरेतले मोठे आलिम (धर्मपंडित) मौलाना अशरफ अली थानवी. धर्मांतरानं निकाह मोडतो, असं पूर्वी त्यांचंही मत होतं. मदिनेतल्या मालिकी पंडितांकडून मतं मागवून त्यांनी १९३१ साली ‘अल-हीला अल-नाजिझा’ हा ग्रंथ सिद्ध केला. धर्म सोडून निकाह मोडण्याची वाट त्यात त्यांनी बंद केली आणि मालिकी पंथाच्या आधारे नवी वाट दाखवली: बेपत्ता नवऱ्याची चार वर्षं वाट पाहायची, मग विधवेची चार महिने दहा दिवसांची इद्दत, म्हणजे पुनर्विवाहापूर्वीचा प्रतीक्षाकाळ, पाळायची आणि पुन्हा निकाह लावायला मोकळं व्हायचं. शरीयतच्या चौकटीतच स्त्रीला न्याय देता येतो, हे एका सनातनी विद्वानानं दाखवून दिलं, याचं मोल फार मोठं आहे.

याच मांडणीच्या आधारे मध्यवर्ती कायदेमंडळात काझी मुहम्मद अहमद काझमी यांनी विधेयक मांडलं आणि १७ मार्च १९३९ रोजी मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला. नवरा चार वर्षं बेपत्ता असणं, दोन वर्षं पोटगी न देणं, सात वर्षांची कैद, क्रूर वागणूक अशी कारणं स्त्रीला न्यायालयात मांडता येऊ लागली. निकाल मुसलमान न्यायाधीशानंच द्यावा ही उलेमांची मागणी मात्र गळाली.

पुरुषाच्या तोंडी तलाकाला या कायद्यानं हात लावला नाही. त्याविरुद्ध १८ एप्रिल १९६६ रोजी समाजसुधारक हमीद दलवाईंच्या पुढाकारानं सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत विधानभवनावर मोर्चा घेऊन गेल्या. सर्वोच्च न्यायालयानं एकाच दमातला तिहेरी तलाक रद्दबातल ठरवला, तो २२ ऑगस्ट २०१७ रोजी.