वंध्यत्व आणि आहारविकृती : एका वैद्यकीय जाणिवेचा इतिहास

प्रस्तावना

वंध्यत्वाचे निदान करताना गर्भाशय, बीजकोश व बीजवाहिन्यांची तपासणी होते; स्त्रीच्या ताटात काय पडते, याची चौकशी क्वचितच होते. वस्तुतः उपासमार आणि मासिक पाळी यांचा संबंध वैद्यकाने तीन शतकांपूर्वीच नोंदविला होता. त्याचा अर्थ उमगण्यास विलंब का लागला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक आढावा

रिचर्ड मॉर्टन या इंग्रज वैद्याने १६८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या क्षयरोगविषयक ग्रंथात एका तरुणीची हकिकत दिली आहे. तिला ज्वर नव्हता, खोकला नव्हता. तरीही अन्नावरची वासना उडाली, पाळी थांबली आणि देह झिजत गेला. पुढे १८७३ मध्ये लंडनचे विल्यम गल व पॅरिसचे शार्ल लासेग यांनी स्वतंत्रपणे या विकाराचे वर्णन केले. ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव गल यांचे.

मात्र १९१४ मध्ये मॉरिस सिमंड्स यांनी पीयूषिका ग्रंथीच्या नाशामुळे येणाऱ्या कृशतेचे वर्णन केले आणि अनेक कृश स्त्रियांचा विकार ग्रंथीच्या खाती जमा झाला. कार्यालाच कारण मानले गेले.

हा गुंता सुटण्यास युद्धकाळातील अनुभव उपयोगी पडला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्सच्या पश्चिम भागात दुष्काळ पडला. असंख्य स्त्रियांची पाळी थांबली; सुमारे नऊ महिन्यांनी जन्मसंख्या घटली आणि अन्न मिळू लागल्यावर ती पुन्हा वाढली. ग्रंथी शाबूत होत्या. उणीव अन्नाची होती.

१९७४ मध्ये रोझ फ्रिश व जॅनेट मॅकआर्थर यांनी पाळीसाठी शरीरात किमान मेद आवश्यक असल्याचा सिद्धान्त मांडला. त्यातील नेमक्या मर्यादेवर पुढे आक्षेप आले. परंतु १९९४ मध्ये लेप्टिन या मेदपेशींतील संप्रेरकाचा शोध लागला आणि शरीरातील साठ्याची वार्ता मेंदूपर्यंत कशी पोहोचते, हे स्पष्ट होऊ लागले. साठा अपुरा असल्यास मेंदूकडून पीयूषिकेला जाणारे संकेत मंदावतात व बीजोत्सर्ग थांबतो.

समारोप

१९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वंध्यत्व चिकित्सालयातील ६६ स्त्रियांपैकी १६.७ टक्के स्त्रियांना आहारविकृती आढळली. त्यांपैकी एकीनेही ती आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञास सांगितली नव्हती. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या वर्गीकरणात पाळी थांबणे ही ॲनोरेक्सियाची अनिवार्य अट उरली नाही. म्हणजे पाळी नियमित असली, तरी आहाराविषयी विचारणे टळत नाही. कारण न शोधता केवळ बीजोत्सर्गाची औषधे दिल्यास उपाशी देहावर गर्भाचा भार पडतो. स्त्रीला ‘वांझ’ ठरविण्यापूर्वी तिच्या भुकेची विचारपूस व्हावी, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.