आपला तो बाब्या

देश बदलणाऱ्या खेळाडूंबाबत आमच्या आजोबांचा कायदा सरळ होता. आपला माणूस गेला तर शिकायला गेला, दुसऱ्याचा गेला तर विकला गेला.

आजोबा मूळचे साताऱ्याकडचे, मशीद बंदरच्या कांदा-बटाटा बाजारात तोलार. बाजार तुर्भ्याला हलला तसे तेही खाडी ओलांडून आले. इथल्या आगऱ्यांच्या जमिनी सिडकोनं घेतल्या होत्या आणि त्यावर आम्ही बाहेरचे येऊन बसलो होतो, पण त्यांच्या मते आम्ही कुठं गेलोच नव्हतो. गेला होता तो बाजार.

काट्यापाशी ऐकलेली त्यांची लाडकी गोष्ट गुल महंमदची. 1947 सालचा रणजीचा अंतिम सामना, बडोदा विरुद्ध होळकर, चौथ्या विकेटसाठी 577 धावांची भागीदारी. आजोबा आधी विजय हजाऱ्यांचे 288 सांगायचे, कारण हजारे सांगलीचे. गुल महंमदचे 319 मागाहून यायचे. 1952 मध्ये पाकिस्तानचा संघ पहिल्यांदा इथं आला, तेव्हा गुल भारताकडून खेळला. समोर कर्णधार होता अब्दुल हफीझ कारदार, जो 1946 साली इंग्लंडमध्ये भारताकडून खेळला होता. त्यांच्याच संघात अमीर इलाही, तोही आधी भारताचा. पुढं 1956 मध्ये गुलही पाकिस्तानकडून एक कसोटी खेळला. आजोबांनी तिघांनाही माफ केलं होतं. ‘‘फाळणीत कोण कुणाला इचारून गेलं?’’

बॅडमिंटनवाल्यांची सुनावणी कडक. 2004 साली अथेन्स ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सची मिया ऑडिना चीनच्या झांग निंगकडून हरली. मी आजोबांना तिची कथा सांगितली. ही मूळची इंडोनेशियाची. 1994 मध्ये जकार्तात उबेर कपची अंतिम लढत 2-2 अशी अडली असताना चौदा वर्षांच्या या पोरीनं याच झांग निंगला हरवून कप जिंकून दिला होता. 1996 ला अटलांटात तिला रौप्य मिळालं, आता अथेन्सलाही रौप्यच, फक्त झेंडा वेगळा.

‘‘विकली गेली,’’ आजोबा म्हणाले.

‘‘नवरा डच आहे तिचा.’’

‘‘मग सासरी गेली म्हण की!’’ सुटका.

टोनी गुनावानला मात्र ते सोडेनात. चंद्र विजयाच्या जोडीनं त्यानं सिडनीत इंडोनेशियाला सुवर्ण जिंकून दिलं आणि 2005 च्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेकडून खेळताना अंतिम फेरीत त्याच जोडीदाराला हरवलं. देश सोडला हे एक वेळ चालेल, जोडीदाराला पाडलं हे नाही.

मग आला आपला बाब्या. मुंबईचा सौरभ नेत्रावळकर 2010 च्या 19 वर्षांखालील विश्वचषकात भारताचा सर्वाधिक बळी घेणारा गोलंदाज होता. 2013 मध्ये मुंबईकडून रणजीत पदार्पण केलं, पण पुढं संघात बस्तान बसलं नाही. इंजिनिअर होताच; 2015 मध्ये कॉर्नेलला गेला, ओरॅकलमध्ये नोकरीला लागला आणि अमेरिकेचा कर्णधारही झाला. आपण निष्ठा विचारतो ती जाणाऱ्याला. रांगेत ताटकळत ठेवणाऱ्यांना कुणी काही विचारत नाही, हे मला कधी पटलेलं नाही.

6 जून 2024 ला टी-20 विश्वचषकात डॅलसमध्ये त्यानं पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हर टाकली. 19 धावा हव्या असताना त्यांना 13 च करता आल्या. आजोबा नव्वदीला टेकलेले, पण सकाळी बाजारात चक्कर मारून ‘आपल्या पोरानं’ काय केलं ते गाळ्यागाळ्यावर सांगून आले.

पंचाईत झाली 12 जूनला, न्यू यॉर्कमध्ये. समोर भारत. सौरभनं कोहलीला पहिल्याच चेंडूवर परत पाठवलं, मग रोहितला. गोलंदाज मुंबईचा, झेल घेणारा हरमीत सिंग मुंबईचा, बाद झालेला रोहितही मुंबईचाच. आजोबा गप्प. लक्ष्य 111 चंच होतं, पण धावा निघेनात. तेवढ्यात 22 वर खेळणाऱ्या सूर्यकुमारचा झेल उडाला आणि तो सौरभच्याच हातून सुटला.

‘‘बघ!’’ आजोबा उसळले. ‘‘नोकरी तिकडची, हात अजून इकडचाच.’’

‘‘आणि धरला असता तर?’’ आजीनं लसूण सोलता सोलता विचारलं. आजोबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.